बंद पडलेलं शूटिंग आणि निसटत चाललेली मुदत

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात भाड्याच्या गाळ्यात माझे चार यंत्रमाग होते. साडेचार महिन्यांपूर्वी मालकाने माणसं आणून माग बाहेर काढले, कुलूप ठोकलं. मी मोबाईलवर शूटिंग करत होतो. एकाने हातावर फटका मारला, मोबाईल पडून बंद झाला. पोलिसांनी फक्त एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली. फाईल नऊशे एमबीची दिसते, पण उघडत नाही. दुकानदार म्हणतो, मोबाईल ठेवून जा, रिसेट मारून बघतो. दुरुस्त केलेली क्लिप कोर्टात चालेल का? ती मिळेपर्यंत दावा थांबवला आहे.

उत्तर : दावा थांबवू नका. तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीनेच मला काळजीत टाकलं. कायदेशीर मार्ग सोडून ताबा हिसकावला, तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ च्या कलम ६ खाली तो परत मागता येतो. त्यात गाळा कोणाच्या मालकीचा हा प्रश्न येतच नाही, ताबा कोणाचा होता एवढंच पाहतात. पण दावा ताबा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. तुमच्याकडे दीडच महिना उरला आहे. भाडेपावत्या, मागांच्या जोडणीची वीजबिलं आणि शेजारच्या मागावरचे साक्षीदार यांच्यावर दावा उभा राहतो. क्लिप मागाहून जोडता येईल.

आता फाईल. रिसेट अजिबात मारू देऊ नका, त्याने उरलंसुरलं पुसलं जाईल. त्या मोबाईलवर नवं शूटिंगही करू नका. नऊशे एमबी दिसतात, म्हणजे चित्रं बहुधा आत आहेत. एमपी-४ फाईलमध्ये चित्र आणि आवाज सतत लिहिले जातात, पण कुठलं चित्र कुठे आहे ही अनुक्रमणिका सहसा शूटिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. मोबाईल मध्येच बंद पडला आणि ती राहून गेली. त्याच मोबाईलवर त्याच सेटिंगने पूर्वी काढलेला एखादा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून देऊन अनट्रंकसारखी साधनं ती नव्याने बांधतात. शेवटचे काही सेकंद जाऊ शकतात. हे काम नेहमी प्रतीवर करायचं, मूळ फाईलला हात लावायचा नाही. आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तिथे फाईल दाबली जाते आणि मूळ उरत नाही.

कोर्टात चालण्याबद्दल. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ५७ च्या स्पष्टीकरणांत संगणकात आपोआप साठलेल्या तात्पुरत्या फाईललाही प्राथमिक, म्हणजे मूळ, पुरावा म्हटलं आहे. म्हणून अर्धवट राहिलेली फाईल टाकाऊ समजू नका. दुरुस्त केलेल्या प्रतीसाठी कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल : 'अ' भाग तुम्ही भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञाने. त्यात फाईलचं हॅश मूल्य द्यायचं असतं. हे फाईलच्या बोटाच्या ठशासारखं असतं, एक अक्षर बदललं तरी ते बदलतं. म्हणून आधी न उघडणाऱ्या मूळ फाईलचं हॅश काढून ठेवा, मग दुरुस्तीला हात घाला. दोन्ही फाईली कोर्टापुढे ठेवा, काय केलं ते तज्ज्ञाकडून लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जालन्याच्या निवडणूक वादातल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली सांगितलं होतं की उपकरणाच्या मालकाने ते मूळ उपकरणच साक्षीत आणलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. तरी मी म्हणेन, मोबाईलही जपा आणि प्रमाणपत्रही घ्या. समोरच्याने क्लिपवर शंका घेतलीच, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम १० अ खाली शास्त्रीय तपासणीसाठी कोर्टाने आयुक्त नेमावा असा अर्ज करता येतो.

एक काम आजच करा : एन.सी.ची प्रत काढून वाचा. समोरचा वकील हमखास विचारेल, शूटिंग नेमकं तिथेच कसं तुटलं? हातावर फटका मारल्याचं त्यात लिहिलं असेल, तर उत्तर त्या दिवसाच्या नोंदीतच आहे. नसेल, तर दाव्यात आणि शपथपत्रात सुरुवातीलाच स्पष्ट लिहा.