वाचकांचे प्रश्न : वेळापत्रकात उशीर दिसतच नाही

प्रश्न : आमच्या बांधकाम प्रकल्पाचे वेळापत्रक मी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या सॉफ्टवेअरमध्ये तयार केले असून काम सुरू होण्यापूर्वी बेसलाइनही (मूळ ठरलेल्या तारखांची जपून ठेवलेली नोंद) साठवली आहे. दर शुक्रवारी साइटवरून प्रत्येक कामाची टक्केवारी मागवतो आणि ती ‘पर्सेंट कम्प्लीट’ या रकान्यात भरतो. कामे मागे पडली आहेत हे सगळेच सांगतात. पण ट्रॅकिंग गँट या पट्ट्यांच्या आलेखात बेसलाइनची करडी पट्टी आणि चालू पट्टी तंतोतंत जुळतात आणि ‘फिनिश व्हेरियन्स’ (ठरलेल्या आणि आताच्या शेवटच्या तारखेतली तफावत) शून्यच दिसतो. चूक कुठे होते आहे?

उत्तर : आपली बेसलाइन ठीक आहे, अडचण टक्केवारीत आहे. हा आकडा कामाच्या कालावधीपैकी किती भाग सरला एवढेच सांगतो. काम केव्हा सुरू झाले, हे त्यातून कळत नाही. आपण प्रत्यक्ष प्रारंभाची तारीख न भरता नुसती टक्केवारी भरली, की प्रोजेक्ट ते काम ठरलेल्याच दिवशी सुरू झाले असे गृहीत धरतो आणि ‘ॲक्च्युअल स्टार्ट’मध्ये ती तारीख स्वतःच लिहून टाकतो. गृहीत धरल्याची कोणतीही सूचना तो देत नाही, म्हणून ही चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही.

एक उदाहरण घेऊन पाहू. पायाच्या कामाला कामकाजाचे १० दिवस धरले आहेत. सुरुवात सोमवार, ६ तारखेला आणि शेवट शुक्रवार, १७ तारखेला. शनिवार-रविवार सुट्टी. प्रत्यक्षात काम ९ तारखेला, गुरुवारी सुरू झाले. १७ तारखेच्या संध्याकाळी साइटवरून निरोप आला की निम्मे काम झाले, आणि आपण ५० भरले. प्रोजेक्टने त्याचा अर्थ असा लावला : काम ६ तारखेला सुरू झाले, पहिले ५ दिवस पूर्ण झाले आणि उरलेले ५ दिवस १३ ते १७ या तारखांना होणार आहेत. म्हणजे जे काम अजून व्हायचे आहे, ते उलटून गेलेल्या आठवड्यात मांडले गेले! शेवटची तारीख १७ ची १७ राहिली, तफावत शून्य आली, आणि पायावर अवलंबून असलेले कॉलमचे (खांबांचे) काम २० तारखेला सुरू होईल असे वेळापत्रक आजही सांगत आहे.

यावर उपाय असा, की साइटवरून टक्केवारीऐवजी दोन गोष्टी विचाराव्यात : काम नेमके कोणत्या तारखेला सुरू झाले, आणि आजपासून ते संपायला आणखी किती दिवस लागतील. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हजेरीपटावरूनही तपासता येते. दुसरा अंदाजच असतो. पण ‘किती झाले’ असे विचारले की माणूस खर्ची पडलेले श्रम मोजतो आणि ‘किती उरले’ असे विचारले की त्याला अडलेले साहित्य, न आलेले नकाशे आणि कमी पडणारी माणसे आठवतात, म्हणून हा अंदाज टक्केवारीपेक्षा पुष्कळच विश्वासार्ह ठरतो, असा माझा अनुभव आहे.

समजा, साइटवरून आणखी ५ दिवस लागतील असे उत्तर आले. आता आधी ‘स्टेटस डेट’ (नोंदी ज्या दिवसापर्यंतच्या आहेत ती तारीख) १७ तारीख ठेवावी. मग ‘ॲक्च्युअल स्टार्ट’मध्ये ९ तारीख भरावी, त्यानंतर ‘ॲक्च्युअल ड्युरेशन’मध्ये ९ ते १७ मधले कामकाजाचे ७ दिवस आणि शेवटी ‘रिमेनिंग ड्युरेशन’मध्ये ५ दिवस. हा क्रम पाळावा. उर्वरित कालावधी आधी भरला, तर कामाचा एकूण कालावधीच ५ दिवसांचा होतो आणि त्यावर ७ दिवस झाले असे लिहिताच प्रोजेक्ट ते काम पूर्ण झाल्याचे दाखवतो. योग्य क्रमाने भरल्यावर एकूण कालावधी १२ दिवस होतो, काम शुक्रवार, २४ तारखेला संपेल असे दिसते, फिनिश व्हेरियन्स ५ दिवसांचा येतो आणि कॉलमची सुरुवात २७ तारखेवर सरकते. टक्केवारीच्या रकान्यात ५८ दिसेल, कारण १२ पैकी ७ दिवस सरले आहेत. साइटवरचे ‘निम्मे’ हे मत जपायचे असेल, तर ते ‘फिजिकल पर्सेंट कम्प्लीट’ या वेगळ्या रकान्यात लिहावे. त्यामुळे तारखा हलत नाहीत.

‘अपडेट प्रोजेक्ट’मध्ये अपूर्ण काम ठरावीक तारखेनंतर ढकलण्याची सोय आहे आणि अनेक जण तिच्यावरच विसंबतात. वरच्या उदाहरणात ती वापरली, तर पट्टी मध्ये तुटते, उरलेले ५ दिवस २० तारखेपासून मांडले जातात आणि शेवट २४ तारखेलाच येतो. तारीख बरोबर आली, पण नोंदीत काम ६ तारखेला सुरू झाले आणि पूर्ण एक आठवडा बंद होते असे राहिले. उद्या मुदतवाढीसाठी विलंबाचे कारण मांडायची वेळ आली, तर हीच नोंद आपल्या विरोधात उभी राहील. ‘मार्क ऑन ट्रॅक’ हे बटण तर ठरल्याप्रमाणे खरोखरच झालेल्या कामांसाठीच वापरावे.

प्रश्न : प्रकल्पात मंजूर बदल झाल्याने तीन नवी कामे वाढली आहेत. बेसलाइन पुन्हा साठवावी का? तसे केले तर आतापर्यंतचा उशीर पुसला जाईल, अशी भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. संपूर्ण प्रकल्पाची बेसलाइन त्याच जागी पुन्हा साठवली, तर आजच्या सरकलेल्या तारखाच ‘ठरलेल्या’ होतात आणि तफावत शून्यावर येते. प्रोजेक्टमध्ये मूळ बेसलाइन आणि १ ते १० क्रमांकाच्या दहा, अशा एकूण ११ बेसलाइन साठवता येतात. तफावतीचे नेहमीचे रकाने मात्र क्रमांक नसलेल्या मूळ बेसलाइनशीच तुलना करतात. म्हणून प्रथम ही मूळ बेसलाइन ‘बेसलाइन १’मध्ये उतरवून ठेवावी, मग फक्त नवी तीन कामे निवडून ‘सेट बेसलाइन’मध्ये ‘सिलेक्टेड टास्क्स’ हा पर्याय घ्यावा आणि त्यांचे आकडे वरच्या सारांश-कामांत (कामांच्या गटाची बेरीज दाखवणाऱ्या ओळींत) मिळवण्याची खूण करावी. बदलाला मंजुरी नसेल, तर बेसलाइनला हात लावू नये. उशीर झाला, हे बेसलाइन बदलण्याचे कारण नव्हे.

प्रश्न : प्रिमावेरा पी६ या वेळापत्रकाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बेसलाइनची पट्टी नेहमी चालू पट्टीबरोबरच सरकते. असे का होते?

उत्तर : वेगळी बेसलाइन नेमली नसेल, तर प्रिमावेरा चालू प्रकल्पालाच त्याची बेसलाइन मानतो, म्हणजे तुलना स्वतःची स्वतःशी होते. आधी प्रकल्पाची प्रत बेसलाइन म्हणून साठवावी आणि नंतर ‘असाइन बेसलाइन्स’मधून ती नेमावी. नुसती साठवून भागत नाही, ही दुसरी पायरीच बहुतेकांकडून राहते. शिवाय ‘डेटा डेट’ पुढे न नेता एफ९ (वेळापत्रक नव्याने मोजण्याची कळ) दाबून उपयोग नाही, कारण उर्वरित काम त्याच तारखेपासून पुढे मांडले जाते.

प्रश्न : प्रकल्प दोन महिने उशिरा संपला, तरी एसपीआय (वेळापत्रकाप्रमाणे प्रगतीचा निर्देशांक, १ म्हणजे वेळेवर) शेवटी १ आला. हे गणित चुकले का?

उत्तर : गणित बरोबर आहे. एसपीआय म्हणजे झालेल्या कामाचे मूल्य भागिले त्या दिवसापर्यंत ठरलेल्या कामाचे मूल्य. प्रकल्प पूर्ण झाला की दोन्ही मूल्ये एकूण अंदाजपत्रकाएवढीच होतात, मग तो कितीही रेंगाळलेला असो. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात हा निर्देशांक उशीर दाखवण्याचे सोडून देतो. मधल्या काळातही तो क्रिटिकल पाथ (ज्यांच्या उशिराने सगळा प्रकल्प लांबतो त्या कामांची साखळी) ओळखत नाही : भरपूर फ्लोट (प्रकल्प न लांबवता उशीर चालण्याजोगी सवड) असलेली मोठी, सोपी कामे लवकर उरकली, तर क्रिटिकल पाथवरचे छोटे काम अडलेले असूनही एसपीआय १ च्या वर राहू शकतो. उशीर दिवसांत सांगायचा असेल, तर क्रिटिकल पाथवरील कामांचा फिनिश व्हेरियन्स पाहावा आणि एसपीआय त्याच्या शेजारी ठेवावा.