पहिली आरसी (रिमोटवर चालणारी) बग्गी म्हणून डब्ल्यूएलटॉइज १४४००१ कशी आहे? गोव्यातल्या मिरामार किनाऱ्याच्या वाळूत चालेल का?

घ्या, पण मिरामारचा बेत सोडा.

गाडी १:१४ मापाची (खऱ्या गाडीच्या चौदाव्या हिश्श्याएवढी), चारही चाकांना ताकद, धातूची चॅसिस (खालचा सांगाडा), धक्के झेलणारे तेल भरलेले शॉक, ५५० मापाची ब्रश मोटर. या किमतीत एवढं मिळतं म्हणून ती चांगलीच. खोक्यावरचा ताशी ६० किमी वेग मात्र सपाट डांबरावरचा समजा. खडीवर त्याच्या निम्म्यातसुद्धा नवशिक्याची गाडी उलटते.

आता वाळू. बारीक कण गिअर आणि बेअरिंगमध्ये शिरतात, मऊ वाळूत चाकं रुततात, मोटर तापते. वर खारी हवा! मी हौसेने एकदाच नेली आणि पुढचा अख्खा रविवार टूथब्रश घेऊन गाडी उकलत बसलो. त्यापेक्षा जांभ्याचा सडा (उघडं खडकाळ पठार) किंवा कापणीनंतरचं सुकं शेत बघा. लाल धूळ उडते, पण ती ब्रशने झटकता येते. पावसाळ्यात गाडी घरातच. तिचं सर्किट पाण्यासाठी बनवलेलं नाही.

बॅटरी ७.४ व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर), दोन सेलची. दर सेल ३.३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका, आणि बरेच दिवस चालवणार नसाल तर ३.८ च्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही, म्हणजे नाहीच.

घेण्याआधी एकच विचारा: डिफरेन्शियल (दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) आणि मोटरचा पिनियन (तिच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) सुटा मिळतो का? नसेल तर दुकान बदला.