मी माझ्यापुरतं नीट जगत असेन, तर समाजाच्या भल्या-बुऱ्याशी माझा काय संबंध?

तुम्ही लिहिलंय की व्यायाम करता, वेळेवर जेवता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. उत्तम. पण पाणी आणि जंतू तुमच्या अध्यात-मध्यात असतातच, त्याचं काय?

१८९२ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने साडेआठ हजारांच्या आसपास माणसं गेली. शेजारचं आल्टोना त्याच एल्ब नदीचं पाणी पीत होतं, तेही खालच्या अंगाचं, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळलेलं. फरक इतकाच, की आल्टोनात पाणी वाळूतून गाळून सोडत. हॅम्बुर्गमध्ये ते काम रखडलेलं होतं. दोन्ही शहरांच्या हद्दीवर एक रस्ता होता. त्याच्या एका बाजूला कॉलरा, दुसऱ्या बाजूला जवळपास नाहीच!

मला त्याहून बोलकं वाटतं ते शिकागोचं उदाहरण. जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत तिथे सातशेहून जास्त लोक दगावले. एरिक क्लायननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या लागून असलेल्या वस्त्या तपासल्या. गरिबी दोन्हीकडे, एकटी राहणारी म्हातारी माणसंही साधारण सारखीच. तरी मृत्यूदर नॉर्थ लॉनडेलमध्ये सुमारे दहापट. तिथले कारखाने आणि दुकानं कधीच बंद पडली होती, रस्ते ओस होते, म्हातारी माणसं भीतीपोटी दारं-खिडक्या लावून आतच बसली. साउथ लॉनडेलला रस्त्यावर वर्दळ होती, म्हणून तिथले म्हातारे उठून एखाद्या गार दुकानात जाऊन बसू शकत होते. कुणी मोठी समाजसेवा केली, असं नव्हे हं. दुकानं उघडी होती, रस्त्यावर माणसं होती, बस्स.

आता, समाज म्हटलं की अनेकांना 'चार लोक काय म्हणतील' एवढंच आठवतं. ते ओझं खुशाल झुगारा. त्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

पैसेवाला बाटलीबंद पाणी घेईल, एसी लावेल, हेही खरं. पण गोवराचं काय करणार? तान्ह्या बाळाला ती लस लगेच देता येत नाही. तोवर आजूबाजूच्यांनी घेतलेली लसच त्याला राखते, आणि त्यासाठी सुमारे ९५ टक्के लोकांनी ती घेतलेली असावी लागते. बाकीच्यांच्या दंडावरची ही सुई बापाला कितीही पैसे मोजून एकट्या आपल्या लेकरासाठी विकत आणता येत नाही.