बालेकिल्ल्यात बाळ शोधू नका

प्रश्न नाशिकरोडहून आलाय: 'बालेकिल्ला म्हणजे मोठ्या किल्ल्यातला छोटा किल्ला, हे बरोबर का? आणि माची वेगळी कशी?'

साफ चूक. पण विचारणाऱ्याला दोष देत नाही. गेल्या हिवाळ्यात मुल्हेर गडाच्या माचीवर, सोमेश्वराच्या देवळापाशी, एक तरुण आपल्या चमूला वर बोट दाखवून सांगत होता, "तो बाल किल्ला, म्हणजे बेबी फोर्ट." मी तिथंच वाद घातला. माझी बायको पुढे निघून गेली.

हा 'बाला' फारसी आहे. अर्थ, वर किंवा वरचा. गडाच्या माथ्यावरचा, खालचं सगळं पडलं तरी लढवायचा शेवटचा कोट तो बालेकिल्ला. वऱ्हाडात जुने दोन भाग होते, बालाघाट आणि पायीनघाट, म्हणजे घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा. तिथं कुणी बाळ शोधत नाही. दुसरा पंथ 'बल'वाल्यांचा: बळकट म्हणून बालेकिल्ला. मग बुरूज काय लेचापेचा असतो? आणि बलाचा 'बाले' कोणत्या नियमानं झाला, तेही सांगा की. मधला 'ए' मी फारसी षष्ठीचा मानतो, बाला-ए-किला. यावर राजस्थानातल्या अलवरचा 'बाला किला' माझ्या तोंडावर फेकतात, त्यात 'ए' नाही म्हणून. हिंदीनं तो गाळला, मराठीनं जपला. झालं.

पण खरी गंमत पुढे आहे. 'भावानं जमिनीचा व्यवहार बालाबाला उरकला' यातला बालाबाला हाच! शब्दशः वरच्यावर. आपण 'पैसे वरच्यावर लाटले' म्हणतो, अगदी तसंच. माझा तर्क असा की हा शब्द गडावरच्या कारभारातच मुरला असावा. खालच्या दरवाजावरच्या पहारेकऱ्याला पत्ता न लागता काम थेट वर झालं, की ते बालाबाला झालं. पुरावा मागू नका, अजून सापडलेला नाही. पण मुल्हेरच्या बालेकिल्ल्याकडे एकामागून एक दरवाजे ओलांडत चढताना दुसरं काही सुचत नाही.

राहता राहिलं ते 'बालेकिल्ल्याला सुरुंग', निवडणुकीच्या दिवसांत रोज सकाळी वाचायला लागतं ते. अरे, सुरुंग लावतात तटाच्या नाहीतर बुरुजाच्या पायाशी, बाहेरून खणत येऊन. खालचा तट शाबूत असताना वरच्या कातळावर सुरुंग लावायला शत्रू जाणार कुठून?

हां, माची. बालेकिल्ल्याखालची डोंगराची सपाटी किंवा सोंड, तिच्या कडेनं तट घातलेला. राजगडाला माच्या तीन, पद्मावती, सुवेळा, संजीवनी. बालेकिल्ला मात्र एकच. आमच्या जिल्ह्यातल्या 15 मतदारसंघांचे 15 बालेकिल्ले करणाऱ्या बातमीदारांनी त्यातल्या 14 ना निदान माच्या तरी म्हणावं.