उसाचे चिपाड किंवा तुराट्या खडीऐवजी काँक्रीटमध्ये चालतील का?

चालतील, परंतु भार न पेलणाऱ्या कामांपुरतेच. साध्या काँक्रीटची घनता प्रतिघनमीटर सुमारे 2400 किलो असते. वनस्पतिजन्य कचरा मिसळल्यास ती बरीच घटते आणि उष्णतारोधही वाढतो, जे सोलापूरच्या उन्हाळ्यात मोलाचे आहे.

खरी अडचण साखरेची आहे. चिपाडात उरलेली साखर अत्यल्प असली तरी सिमेंटच्या कणांभोवती थर धरून त्याचे घट्ट होणे लांबवते, आणि प्रमाण वाढले तर मिश्रण दिवसेंदिवस मऊच राहते. म्हणून चिपाड गरम पाण्याने वारंवार धुऊन, चुन्याच्या निवळीत भिजवून व वाळवून घ्यावे. तुराट्यांचे तुकडेही असेच धुवावेत, कारण लाकडातील विद्राव्य घटक हाच त्रास देतात. शिवाय दोन्ही पाणी भरपूर शोषतात व सुकताना आकसतात, त्यामुळे तडे जातात.

माझ्या मते नारळाची करवंटी अधिक भरवशाची आहे. ती कठीण असते आणि आपल्या जिल्ह्यात पंढरपूर, अक्कलकोटसारख्या तीर्थक्षेत्री सहज मिळावी. करवंटी खडीच्या आकाराची फोडून, 24 तास भिजवून, पृष्ठभाग कोरडा झाल्यावरच वापरावी.

यापासून आडभिंतींचे ठोकळे किंवा गच्चीवरील उष्णतारोधक थर करावा. स्लॅब, तुळया व खांबांसाठी मात्र खडीच ठेवावी. साखर कारखान्यातील बगॅसची, म्हणजे जाळलेल्या चिपाडाची, राख ही वेगळी गोष्ट आहे: बारीक दळल्यास ती खडीची नव्हे, तर काही प्रमाणात सिमेंटची जागा घेते.