गच्चीवर सापडलेला खंडोबाचा किडा घरात कसा पाळावा?

तुम्ही लिहिलंय की गच्चीवरच्या कढीपत्त्यावर पाच-सहा सेंटिमीटरचा हिरवा खंडोबाचा किडा, म्हणजे प्रार्थना कीटक, सापडला. मुलीला तो पाळायचाय आणि सध्या तो मिठाईच्या डब्यात आहे. आधी त्याला त्या डब्यातून काढा. डबा बुटका आहे, आणि पाळलेले बरेच प्रार्थना कीटक उपासमारीने नाही, तर कात टाकताना मरतात. त्याचं एक मोठं कारण असतं जागेची कमी उंची.

आता त्याची पाठ नीट बघा. पोट झाकणारे लांब पंख असतील तर तो प्रौढ आहे. त्याची कात टाकून झाली, आता काही आठवडे ते काही महिने जगेल. पाठीवर पाकळ्यांसारखे छोटे, जाडसर पंखांकुर असतील तर ते पिल्लू आहे आणि तुमची खरी परीक्षा पुढे आहे. नर-मादी ओळखायला पोटाची खालची बाजू बघा: मोठ्या किड्यात मादीला सहा वळ्या दिसतात, नराला आठ. मादीचं पोट रुंद असतं.

घराचं माप सोपं आहे. उंची किड्याच्या लांबीच्या किमान तिप्पट, रुंदी दुप्पट. बागेतले हिरवे, जाड अंगाचे किडे वाढून सात-आठ सेंटिमीटर होतात, त्यामुळे पाच लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी छान चालते. झाकणाचा मधला भाग कापून टाका, बरणीच्या तोंडावर मच्छरदाणीचं नायलॉन कापड ताणा आणि उरलेली कडी त्यावरून घट्ट फिरवा. तारेची जाळी नको, तिच्यात पायांची टोकं अडकून तुटतात. बाजूला खालच्या अंगाला पाचेक सेंटिमीटरचं भोक पाडून त्यात स्पंजचा बोळा बसवा. खाणं तिथूनच टाका, कारण किडा बहुतेक वेळ झाकणालाच लटकलेला असतो आणि झाकण उघडलं की तो हिसकला जातो. आत एक-दोन तिरक्या काटक्या आणि तळाला टिश्यू पेपर पुरे. वरची अर्धी बरणी मोकळी राहू द्या. एका बरणीत एकच किडा. दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खातो.

कात टाकायच्या आधी एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त, तो खाणं सोडतो, सुस्तावतो आणि उलटा लटकून राहतो. शेवटच्या कातीआधी पंखांकुर फुगतात. ही लक्षणं दिसताच आत उरलेलं जिवंत भक्ष्य बाहेर काढा. रातकिडा आत राहिला तर तो कात टाकणाऱ्या मऊ किड्याला कुरतडून खातो. बरणी हलवू नका, हवा दमट ठेवा. किडा झाकणाच्या कापडाला पाय रोवतो, पाठीवर कात उकलते आणि तो वजनाच्या जोरावर खाली सरकत पाय एकेक करून ओढून काढतो. अर्धा तास तरी लागतो. खाली जागा नसेल तर अंग तळाला टेकतं आणि पाय वाकडेच वाळतात. हवा कोरडी असेल तर पाय जुन्या कातीत अडकतात. मध्येच पडला तर जुन्या कातीला धरून उचला आणि ती काटकीला दोऱ्याने बांधून त्याला पुन्हा उलटा लटकवा. नुसता एखादा पाय अडकला असेल तर ओल्या कापसाने कात भिजवा, ओढू नका. पिल्लाचा तुटलेला पाय पुढच्या कातींमध्ये परत येतो, प्रौढाचा येत नाही. कात टाकल्यावर पूर्ण दिवसभर खायला देऊ नका, शेवटच्या कातीनंतर दोन-तीन दिवस थांबा. अंग कडक व्हायला तेवढा वेळ लागतो.

खाणं जिवंतच लागतं, कारण हालचाल दिसल्याशिवाय तो झडप घालत नाही. माश्या, पतंग, छोटे नाकतोडे, रातकिडे चालतात. भक्ष्य त्याच्या निम्म्या लांबीपेक्षा मोठं नको. तुमच्याकडच्या एवढ्या मोठ्या किड्याला दोन-तीन दिवसांनी एकदा पुरे. पोट चपटं असेल तर भूक आहे, टम्म असेल तर थांबा, कारण भरल्या पोटाने उंचावरून पडला तर पोट फुटू शकतं. अगदी लहान पिल्लांसाठी बाटलीत पिकलेलं केळं ठेवून चिलटं जमवा. मुंग्या देऊ नका. घरातलं झुरळही नको, त्याने आधी कुठलं औषध खाल्लंय सांगता येत नाही. पाण्याची वाटी नको, त्याऐवजी रोज एकदा बरणीच्या भिंतीवर बारीक फवारा मारा, तो थेंब पितो. उन्हाळ्यात पुण्या-नागपूरकडे दोनदा लागेल. कोकणात पावसाळ्यात एक दिवसाआड पुरे, नाहीतर बुरशी धरते. बरणी उन्हात ठेवू नका, आतलं तापमान पटकन चढतं. 24 ते 30 अंश ठीक.

आपल्या घरांतला मोठा शत्रू म्हणजे डासांची उदबत्ती, प्लगला लावायचं लिक्विड आणि झुरळांचा स्प्रे. ही औषधं कीटक मारण्यासाठीच असतात, त्यांना हा कीटक वेगळा कळत नाही. तो असलेल्या खोलीत यातलं काहीही वापरू नका. भक्ष्यही फवारणी झालेल्या शेतातून किंवा सोसायटीच्या बागेतून आणू नका. खाल्ल्यावर काळपट पाणी ओकला तर ते खाणं बंद करा, बरणी धुऊन वाळवा आणि एखादा दिवस फक्त पाणी द्या.

रानातून आलेल्या किड्यात कधी दोऱ्यासारखा लांब, तपकिरी जंत असतो. त्याची लक्षणं म्हणजे किड्याचं पोट फुगलेलं, पण अंग मलूल, आणि ओलं दिसलं की त्याची तिकडे धाव. जंत बाहेर पडल्यावर किडा बहुधा मरतो, त्यावर उपाय नाही. माणसाला त्याचा धोका नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. डोळे रात्री काळे होणं मात्र आजार नाही, उजाडल्यावर परत हिरवे होतात. बघणाऱ्याबरोबर सरकणारा काळा ठिपकाही नैसर्गिकच. एकाच जागी राहिलेला डाग म्हणजे डोळा प्लॅस्टिकवर घासलाय. मग बरणीच्या आतून मच्छरदाणीचं कापड लावा.

हातावर घ्यायचा असेल तर चिमटीत पकडू नका. हात पुढे धरा, मागून मऊ ब्रशने हलकेच टोचा, तो स्वतः चढेल. विष नसतं, पुढच्या पायांचे काटे मात्र बोचतात.

प्रौढ मादी निघाली तर तिचं बाहेर मीलन झालेलं असण्याची शक्यता बरीच आहे. ती काटकीवर अंड्यांचा फेसाळ पुंजका घालते, तो वाळून तपकिरी होतो. त्यातून साधारण महिना-दीड महिन्यात शंभरच्या वर पिल्लं निघू शकतात आणि ती एकमेकांना खातात. ती वाढवण्याच्या फंदात पडू नका. काटकी कापा आणि मादी जिथे सापडली त्याच झाडाला, मुंग्या चढणार नाहीत अशा फांदीवर, पुंजका तसाच उभा राहील अशी बांधून टाका.