आधी सांगा, गाडीचा जुना पाइप कुठे आहे?

प्रश्न : माझी टर्बो-पेट्रोल हॅचबॅक चौदा महिन्यांची आहे. चार महिन्यांपूर्वी एका मॉडिफिकेशनवाल्याकडून कंपनीचा एक्झॉस्ट काढून डाउनपाइपपासून (टर्बोला लागून असलेला पहिला पाइप) मागच्या टोकापर्यंत सगळा नवा बसवून घेतला. ‘पॉवर वीस टक्के वाढेल, सगळं लीगल आहे’ असं त्याने व्हॉट्सअॅपवर लिहून दिलं होतं. मागच्या महिन्यात पोलिसांनी गाडी अडवून कलम 182अ(4) आणि 190(2) खाली चलान केलं. त्यानंतर टर्बोतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि डॅशबोर्डचा स्क्रीनही बंद पडला. सर्व्हिस सेंटर म्हणतं, गाडी मॉडिफाय केल्यामुळे संपूर्ण वॉरंटी रद्द. मॉडिफिकेशनवाला आता आणखी पैसे घेऊन ‘सर्टिफिकेटवाला’ सेट बसवून देतो म्हणतो. पैसे घालू का? आणि आधीचे परत मिळतील का?

उत्तर : तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि मी पहिल्यांदा तीच विचारणार आहे. कंपनीचा काढलेला पाइप कुठे आहे? अशी कामं करणारे बरेच जण ‘जुना माल इथेच राहू द्या’ म्हणतात आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. त्या पाइपात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट-कॉन, असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो. तुमचा पाइप त्याच्याकडे असेल तर आजच लेखी मागा. गाडी पूर्ववत करायची असेल तर तो लागेल, आणि तक्रार करायची असेल तर तोच पुरावा आहे. विकला गेला असेल, तर त्याची किंमत ही तुमची पहिली मागणी.

आता पैशांचं. कॅट-कॉनच्या मागचा भाग बदलला, म्हणजे ज्याला ‘कॅट-बॅक’ म्हणतात तो सेट लावला, तर मिळतो तो मुख्यतः आवाज. पॉवरचा फरक बहुतेक गाड्यांत इतका थोडा असतो की चालवणाऱ्याला कळतही नाही. टर्बो गाडीत डाउनपाइप मोकळा केला आणि सोबत ईसीयू रिमॅप केला, म्हणजे इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलली, तर फरक खरोखर पडतो, पण कायद्याची अडचण नेमकी तिथूनच सुरू होते. वीस टक्क्यांचा आकडा त्याने कशावरून काढला, हे तुम्ही विचारलं नसणार. तुमच्याच गाडीचा, आधीचा आणि नंतरचा, असे डायनोचे (पॉवर मोजणाऱ्या यंत्राचे) दोन कागद मागा. ते त्याच्याकडे नसतील तर तसं लेखी घ्या, पुढे उपयोगी पडेल.

चलानातली दोन कलमं वेगळी आहेत, ती एकत्र समजू नका. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरसीतला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. अशा बेकायदा बदलाची शिक्षा 182अ(4) मध्ये आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. इथे वकिलाला एक युक्तिवाद सुचतो. आरसीवर इंजिन नंबर, चॅसिस नंबर, इंधन, सीसी असं सगळं असतं, पण सायलेन्सरचा उल्लेख नसतो, मग तफावत कसली? युक्तिवाद वाईट नाही, फक्त मागचा मफलर बदललेल्या माणसासाठी मी तो करून पाहीनही. पण अलीकडच्या आरसीवर गाडी कोणत्या उत्सर्जन मानकाची आहे हेही छापलेलं असतं. तुमच्या आरसीवर ‘भारत स्टेज 6’ असेल. कॅट-कॉन काढल्यावर गाडी त्या मानकाची राहिलेली नाही, म्हणून हा युक्तिवाद तुमच्या कामाचा नाही.

190(2) ला तर आरसीशी देणंघेणंच नाही. आवाज किंवा धुराचं विहित मानक मोडणारी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवली की हे कलम लागतं. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय लायसन्ससाठी तीन महिन्यांची अपात्रता, आणि ही बाब लोक विसरतात. आवाज मीटरने मोजला का, हा रास्त प्रश्न आहे. ‘आवाज मोठा वाटला’ एवढंच लिहिलं असेल तर विहित मानक मोडल्याचं सिद्ध करणं सरकार पक्षाला जड जाईल. तरीही चलान लढवू नका, असंच मी सांगेन. न्यायालयाने गाडी तपासायला सांगितली तर कॅट-कॉन नसल्याचं कुणीही वाकून पाहून सांगेल. आधी मूळ पाइप बसवा, त्याचं बिल आणि फोटो ठेवा, मग तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवा. ही दोन्ही कलमं कलम 200 खाली तडजोडीची आहेत.

आणि हो, गाडीला वर्ष उलटल्यामुळे तुम्हाला पीयूसी लागते. पत्रात तिचाही उल्लेख नाही. ‘पीयूसी पास झाली म्हणजे एक्झॉस्ट कायदेशीर’ असं कुणी सांगितलं तर त्यात अर्थ नाही, त्या तपासणीत आवाज मोजतच नाहीत.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं मला अर्धं पटतं. टर्बो थेट डाउनपाइपला जोडलेला असतो. तिथे बाहेरचा पाइप लावल्यावर टर्बो बिघडला तर वॉरंटी नाकारायला त्यांच्याकडे कारण आहे, ते खोडायचं तर स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल लागेल आणि त्याचा खर्च तुमचाच. माझा सल्ला, टर्बोच्या मागे फार धावू नका. स्क्रीनचं मात्र सोडू नका. एक्झॉस्टचा स्क्रीनशी काय संबंध, हे त्यांना सांगता आलं पाहिजे. वॉरंटीच्या पुस्तकात ‘बदलामुळे झालेलं नुकसान’ असा शब्दप्रयोग आहे की ‘बदल केल्यास संपूर्ण वॉरंटी रद्द’ असा, ते शब्द न् शब्द वाचा. पहिला असेल तर नकार टिकणं अवघड. नकार तोंडी ऐकून घेऊ नका. दोन बिघाडांची दोन वेगळी जॉब कार्डं करून प्रत्येकावर कारण लिहून मागा. काउंटरवर ‘सिस्टीममध्ये व्हॉइड दाखवतंय’ असं सांगणारा कर्मचारी कारण लिहायची वेळ आली की मॅनेजरला बोलावतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्येही एक अडचण आहे. विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानाच्या भरपाईचा, दावा करायचा असेल आणि नुकसानाच्या वेळी वस्तूत बदल केलेला असेल, तर कलम 87 तो दावा अडवतं. म्हणून डीलरविरुद्धची तक्रार सेवेतल्या त्रुटीची ठेवा आणि स्क्रीनपुरतीच ठेवा.

मॉडिफिकेशनवाल्याविरुद्ध तुमची बाजू यापेक्षा बरी आहे. खोटी कामगिरी सांगून वस्तू विकणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि ‘वीस टक्के’ व ‘लीगल’ हे दोन्ही त्याने लिहून दिलंय. ते संभाषण पुसू नका, फोन बदलू नका, पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा. पण तक्रारीसोबत पाठवण्याआधी सगळं स्वतः एकदा वाचा. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटच्या तळाशी त्याचा आणखी एक मेसेज दिसतो : ‘चेक इंजिनची लाइट येऊ नये म्हणून सेन्सरला स्पेसर लावलाय’. त्यावर तुम्ही अंगठा दाखवलाय. कॅट-कॉनच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर फसवायला तो स्पेसर असतो. समोरचा वकील विचारेल, ‘सगळं कायदेशीर होतं तर लाइट लपवायची गरज का पडली, हे यांनी विचारलं नाही?’ त्यामुळे पूर्ण परतावा मिळेलच असं समजू नका. पाइपची किंमत, खोट्या आकड्यावर दिलेले पैसे आणि गाडी पूर्ववत करण्याचा खर्च एवढं मागा. दंडाची रक्कम त्यात घालू नका, गाडी तुम्ही चालवत होतात. मुदत दोन वर्षांची आहे, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवस द्या.

‘सर्टिफिकेटवाला’ सेट घेऊ नका. त्याच्यावर युरोपियन ‘ई’ मार्क (तिकडच्या मान्यतेचं चिन्ह) असेल, तर तो भारतातल्या तपासणी संस्थेची मान्यता ठरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम 126 मधल्या संस्थेने तुमच्याच मॉडेलसाठी दिलेला कागद त्याने समोर ठेवला, तरच पुढचं बोला. तो कागद दाखवण्याऐवजी तो सवलत वाढवत जाईल.

विमा कंपनीला आत्ता काही कळवायची गरज मला दिसत नाही, अट एकच, पाइप या आठवड्यात परत बसला पाहिजे. तोवर गाडी काढू नका. अपघात झालाच तर समोरच्या जखमी माणसाची भरपाई सहसा अडत नाही, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या क्लेममध्ये सर्व्हेअर आधी खाली वाकून पाइपच बघेल. गॅरेजपर्यंत गाडी टोइंगने न्या, आणि स्पेसर काढल्याचंही बिलात लिहून घ्या.